बाबांच्या गोळ्या संपण्याआधी

इंग्लंडमध्ये आमच्याकडे राहणाऱ्या बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ऐन गुड फ्रायडेला संपल्या. दवाखाना चार दिवस बंद! चूक आमचीच. १११ या क्रमांकावर फोन केला. त्यांनी सांगितलेल्या औषध दुकानात तात्पुरत्या गोळ्या मिळाल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता नेहमीच्या औषधांची मागणी आम्ही आठवडाभर आधीच दवाखान्यात चिठ्ठी देऊन किंवा अ‍ॅपवर नोंदवतो. मंजुरीला बहुधा दोन-तीन कामाचे दिवस लागतात. साठी पूर्ण झालेल्यांना तेथे औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत. मात्र तपासणी चुकवली तर पुढची औषधे अडू शकतात.

बंधू-भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्या दर रविवारी मोजा. संकोचापोटी ते सांगत नाहीत. आपणच विचारले पाहिजे.