बोअरचं पाणी लाल का होतं?

परवा शेजारच्या काकूंनी बादली दाखवली. सकाळी भरलेलं बोअरचं नितळ पाणी दुपारी तांबूस, तळाशी गाळ!

हे लोह. जमिनीखाली हवा नसते, तिथे ते विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो नि खाली बसतो.

काचेच्या ग्लासात ताजं पाणी भरून ठेवा. नंतर तांबूस झालं, तर लोह बोअरमधलं. नळातूनच लाल आलं, तर आधी जुने जीआय पाइप तपासा.

टाकीत पाणी बारीक धारांनी पडू द्या, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून घ्या. थेट आरओ लावू नका. लोहाने मेम्ब्रेन लवकर चोंदतं, खर्च वाया जातो.

आणि कृपया, टीडीएस मीटरवर विसंबू नका! भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, पण 100 दाखवणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. पिण्याचं पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत.

तुमच्याकडे पाण्याला वास येतो, की भांड्यांवर पांढरे डाग पडतात? कमेंटमध्ये लिहा, पाणी बोअरचं की नळाचं तेही सांगा.