निम्म्या भेटी, हजारावा हिस्सा

फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ मुलं कोरोनाबाधित निघाली. वसतिगृहात मुलं होती ३२७. म्हणजे दहातली सात!

या ३२७ जणांत दोघादोघांच्या जोड्या किती होतात, मोजून पाहा. प्रत्येकाला सोबती ३२६. गुणाकार करायचा आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून निम्मे करायचे. उत्तर येतं ५३,३०१. विषाणूला जायला एवढ्या वाटा. आता समजा, हीच मुलं दहा-दहाच्या गटांत ठेवली. जेवण, झोप, अभ्यास, सगळं आपापल्या गटात. एका गटात जोड्या फक्त ४५. असे ३२ गट आणि उरलेल्या सात जणांचा एक, सगळ्या मिळून जोड्या १,४६१. एकही मूल घरी पाठवलं नाही, तरी वाटा छत्तीसपटीनं घटल्या.

त्याच आठवड्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला एका मंत्र्याच्या भेटीच्या निमित्तानं हजारोंची गर्दी झाली होती. ही गर्दी मला वसतिगृहापेक्षा वेगळी वाटते. वसतिगृहातली मुलं एकाच आवारात राहतात; इथं आलेला माणूस संध्याकाळी आपल्या तांड्यावर परततो. एरवी ज्या गावांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यांच्यात विषाणूसाठी एका दिवसात आडवाटा तयार होतात.

आणि वाटा कापल्याचा परिणाम नुसता वजाबाकीचा नसतो. कोरोनाच्या सुरुवातीला एका रुग्णाकडून सरासरी अडीच जणांना लागण होते, असा अंदाज होता. या हिशेबानं एका रुग्णापासून सुरुवात केली, तर लागणीच्या दहाव्या फेरीत नवे रुग्ण साडेनऊ हजार. भेटी निम्म्या केल्या, तर अडीचचे सव्वा होतात. मग दहाव्या फेरीत किती? पावणेपाच हजार? नाही, नऊ! प्रत्येक फेरीत निम्मं, असं दहा वेळा. म्हणजे १,०२४वा हिस्सा. एक फेरी पाच-सहा दिवसांची धरली, तर हा फरक दोन महिन्यांत पडतो. (गणित अर्थात कागदावरचं. माणसं सारख्या मापानं भेटत नाहीत.)

सगळ्यांना लागण होण्याआधीच साथ का ओसरते, याचं सूत्र केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये मांडलं. रुग्णाला भेटणारी निरोगी माणसं कमी होत गेली, की एका रुग्णामागे एकालाही लागण होईनाशी होते आणि साथ उतरते. अंतर राखणं हेच काम आधी, आजारी न पडता करतं. सूत्र ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंचे. आलेख जवळजवळ तंतोतंत जुळला. मौज अशी, की हा प्लेग मुळात उंदरांचा, पिसवांमधून माणसात येणारा. आणि आपलं सूत्र त्याला ढोबळमानानंच लागू पडतं, हे त्या दोघांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं.