आशयरोधकातील अपवादनियम : बल आणि व्याप्ती

पृष्ठ उघडताना ब्राउझरकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीचा पत्ता नियमसूचीशी ताडून पाहणारे व जुळणारी मागणी रोखणारे साधन म्हणजे आशयरोधक होय. जाहिराती आणि वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट यांचे निवारण हा त्याचा मुख्य हेतू. परंतु रोधनियम सामान्य स्वरूपाचे असल्यामुळे कधी कधी आवश्यक स्क्रिप्टही अडते व शुल्क भरण्याचे बटण निरुपयोगी होते. अशा प्रसंगासाठी अपवादनियमाची योजना आहे. ॲडब्लॉक प्लसने रूढ केलेल्या आणि यूब्लॉक ओरिजिननेही स्वीकारलेल्या लेखनपद्धतीत हा नियम @@ या चिन्हाने सुरू होतो.

व्याकरणाच्या अभ्यासकांस उत्सर्ग व अपवाद ही जोडी परिचित आहे. पाणिनीय परंपरेत अपवाद उत्सर्गाहून बलवान मानला जातो, कारण त्याचे क्षेत्र उत्सर्गाच्या क्षेत्रात अंतर्भूत व त्याहून मर्यादित असते. आशयरोधकात बल आणि व्याप्ती यांचा हा संबंध राहत नाही. येथे अपवाद केवळ चिन्हामुळे बलवान ठरतो. नियमांचा क्रम अथवा त्यांची विशिष्टता विचारात घेतली जात नाही. त्यामुळे अनेक नेमके रोधनियम एका ढोबळ अपवादाने निष्फळ होतात. यूब्लॉक ओरिजिनमध्ये ‘इम्पॉर्टंट’ हा विकल्प जोडलेला रोधनियम मात्र अपवादासही जुमानत नाही. सारांश, व्याकरणातील अपवादाला जी मर्यादा स्वभावतःच असते, ती येथे नियम लिहिणाऱ्यानेच घालावी लागते.

ही मर्यादा तीन प्रकारे घालता येते : मागणीचा पत्ता, मागणीचा प्रकार (स्क्रिप्ट, चित्र इत्यादी) आणि ज्या संकेतस्थळावरून मागणी निघते त्याचे डोमेन. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या बाबीत गल्लत होण्याचा संभव असतो. एखाद्या वृत्तपत्राच्या पत्त्यास दिलेला साधा अपवाद त्या वृत्तपत्राच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्यांना मोकळीक देतो, मग त्या कोणत्याही पृष्ठावरून निघोत. ॲडब्लॉक प्लसमध्ये त्याच पत्त्यास ‘डॉक्युमेंट’ हा विकल्प जोडल्यास त्या वृत्तपत्राच्या पृष्ठांपुरता रोधकच निष्क्रिय होतो, आणि तेथे मांडलेल्या त्रयस्थांच्या सर्व स्क्रिप्टना प्रवेश मिळतो.

म्हणून नियम लिहिण्यापूर्वी साधनाच्या नोंदपटात कोणती मागणी कोणत्या नियमाने अडली हे पाहावे. तेवढीच मागणी, त्याच प्रकारापुरती व त्याच संकेतस्थळापुरती मोकळी करावी. पृष्ठ पूर्ववत चालू लागल्यास अधिक सवलत देऊ नये. रोधनियमाची दुरुस्ती मूळ सूचीत झाली असल्यास आपला अपवाद काढून टाकावा.

या दक्षतेचे कारण दोन्ही प्रकारच्या चुकांच्या स्वरूपात आहे. चुकीचा रोध तत्काळ लक्षात येतो, कारण पृष्ठ बिघडते. चुकीच्या अपवादाने काहीच बिघडत नाही. पृष्ठ उत्तम चालते, आणि वाचकाचा माग मात्र त्याच्या नकळत काढला जातो.