सावकाश चालण्यासाठी बांधलेली मोटार

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या चढाने राजमाचीकडे जाणारी वाट सुमारे १५-१६ किलोमीटर भरते, आणि श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांखालच्या उधेवाडीत ती पोचेपर्यंत बसाल्टचे उघडे कातळ, माती वाहून गेल्याने वर डोके काढलेले धोंडे आणि पावसाळ्यात आडवे येणारे ओढे यांतूनच चाकांना मार्ग काढावा लागतो. वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या घाटमाथ्यावर जीप टिकली ती वेगाच्या किंवा ताकदीच्या जोरावर नव्हे. साठ-सत्तर अश्वशक्ती ही काही मिरवावी अशी शक्ती नाही. पण ती शक्ती न गमावता चाकाची गती माणसाच्या चालीवर आणून ठेवण्याची सोय या यंत्रात आहे, आणि त्याची सारी रचना त्या एका सोयीभोवती उभी आहे.

अमेरिकी सैन्यासाठी विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, विलिसने ‘सीजे-२ए’ हे नागरी रूप बाजारात आणले. मागे उघडणारी फळी, मोठे दिवे आणि शेतीची अवजारे चालवण्यासाठी इंजिनाची शक्ती बाहेर काढण्याची व्यवस्था पाहिली, तर या गाडीचे कल्पिलेले गिऱ्हाईक हौशी प्रवासी नसून शेतकरी होते हे उघड दिसते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या कंपनीने मुंबईत माझगावला जीपचे सुटे भाग आणून जोडण्यास प्रारंभ केला. पुढे देशात खोलवर रुजले ते ‘सीजे-३बी’ हे रूप होय. अमेरिकेत १९५३ साली आलेले हे मॉडेल तिथे १९६८ मध्ये थांबले, परंतु भारतात त्याचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

सीजे-३बी ओळखण्याची खूण म्हणजे तिचे उंच बॉनेट, आणि त्या उंचीचे कारण इंजिनात आहे. जुन्या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या गेल्या, त्यामुळे त्याच २.२ लिटर आकारमानातून ६० ऐवजी सुमारे ७२ अश्वशक्ती मिळू लागली. इंजिन मात्र उंच झाले, आणि अंग तेच ठेवून केवळ झाकण वर उचलण्याचा मार्ग विलिसने पत्करला. सौंदर्यदृष्टीने पाहता हा जुगाडच म्हणावा लागेल.

खरी करामत गिअरबॉक्सच्या मागे आहे. तिथे बसवलेली ‘ट्रान्सफर केस’ ही दातेरी चक्रांची पेटी इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे पाठवते, आणि तिच्यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असतात: एक पुढची चाके जोडतो किंवा सोडतो, दुसरा ‘हाय’ आणि ‘लो’ यांतील निवड करतो. पुढची चाके जोडल्याखेरीज ‘लो’ पडू नये अशी अटकाव-योजना आत केलेली असते, कारण कित्येक पटींनी वाढलेला पीळ एकट्या मागच्या आसावर पडला तर तो मोडण्याची भीती असते. पहिल्या गिअरचे २.८, ‘लो’चे २.४६ आणि आसातल्या गरारीचे ५.३८ ही गुणोत्तरे एकमेकांशी गुणली की सुमारे ३७ येतात, म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाक एकदा फिरते. मिनिटाला हजार फेऱ्यांवर इंजिन ठेवले तर गाडी ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटरने सरकते आणि चाकाशी पोचणारा पीळ, घर्षणात जाणारा वाटा वगळता, त्याच प्रमाणात वाढतो. धोंड्यावर चढताना जीप उसळी न घेता त्याला जणू चाचपत वर येते, ती यामुळेच.

तरीही हे यंत्र अडते. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापते, म्हणून प्रत्येक आसात ‘डिफरन्शियल’ ही गती वाटून देणारी गरारी असते. परंतु पुढचे एक आणि मागचे तिरके दुसरे चाक अधांतरी राहिले की हीच गरारी सारी गती त्या मोकळ्या चाकांना देते, आणि जमिनीवरची दोन चाके ढिम्म उभी राहतात. मग माणसे खाली उतरवून चाकाखाली दगड लावणे एवढाच उपाय उरतो.

१९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरची डिझेल इंजिने बनू लागली आणि ‘एमएम ५४०’ सारख्या गाड्यांत ती बसली. कमी फेऱ्यांवरच भरीव ओढ देणारे डिझेल या सावकाश चालीच्या गाडीला पेट्रोलपेक्षा अधिक साजले, शिवाय ते स्वस्तही होते. नाणे, आंदर आणि पवन या तिन्ही मावळांत जीप आधी ठाऊक होती ती साहेबाचे वाहन म्हणून. पुढे कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या वाटांवर तिचे लांब भाईबंद प्रवासी भरून धावू लागले, आणि मागच्या फळीवर एक पाय टेकवून लोंबकळणारे उतारू हे या गाडीचे ठरलेले चित्र झाले. या वडापच्या धंद्यात चारही चाकांच्या ओढीची गरज क्वचितच पडे. तिथे कामाला आले ते ओझे सोसणारे पोलादी पाटे आणि कोणत्याही मिस्त्रीला खोलता येणारी बांधणी.

आता घाटमाथ्यावर दिसते ती बहुधा ‘थार’. २०१० साली नाशिकहून निघालेल्या पहिल्या थारमध्ये मागचे पाटे शिल्लक होते. २०२० च्या नव्या रूपात चारही बाजूंना स्प्रिंगांची गुंडाळी आली, मागचा सलग आस मात्र राहिला. पावसाळ्यात हौशी चालकांचे ताफे लोणावळ्याच्या आसपास चिखल शोधत येतात. चिखलणीत भातखाचराची माती कालवतात तशीच ही चाके वाटेची माती कालवतात, फरक एवढाच की इथे मागून लावणी होत नाही. पडलेल्या खोल चाकोऱ्यांतून पाणी धावते आणि पुढच्या वर्षी तिथे केवळ दगड उरतात. हे नुकसान गाडीच्या रचनेतून येत नाही, ‘लो’मध्ये हळू काढण्याजोगी जागा चाके गरगर फिरवून काढण्याच्या हौसेतून येते.

तुंगार्लीजवळ परतीच्या वाटेला डांबर लागले की जुन्या जीपच्या चालकाला ‘लो’ सोडावा लागतो आणि पुढची चाकेही मोकळी करावी लागतात. दोन आसांच्या मध्ये गती वाटून देणारी गरारी या गाडीत नाही, आणि चिखलात चाके थोडी घसरून जो ताण निघून जातो तो कोरड्या रस्त्याच्या वळणावर साठत राहतो. अशा वेळी फार उशीर झाला तर दांडा जागचा हलत नाही, आणि गाडी थोडी मागे घेतल्यावरच तो सुटतो.