परसातील पपई : फळ, भाजी आणि औषधाची मर्यादा

गोव्यात न्हाणीघरामागे, विहिरीच्या कठड्याजवळ किंवा कुळागराच्या कडेला पपईचे एखादे झाड बहुधा असतेच. ते कोणी मुद्दाम लावलेले नसते. पक्ष्याने टाकलेल्या बीतून उगवते आणि वर्षभरात फळांनी लगडते. इतक्या सहजतेने मिळते म्हणूनच या झाडाविषयी आपण फारसा विचार करीत नाही. मात्र पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की याच झाडाची पाने मागायला शेजारीपाजारी येऊ लागतात. म्हणून पपई खावी कशी, वाढवावी कशी आणि तिच्यावर औषध म्हणून किती विसंबावे, हे एकत्रितपणे समजून घेणे आवश्यक आहे.

पपई आपल्या मातीतील वाटत असली तरी तिचे मूळ दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेत आहे. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटन याने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या फळाची नोंद केली आहे. स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपिन्समार्गे मलाक्काला आणि तेथून हिंदुस्थानात ते आले, असे तो सांगतो.

लागवड कशी करावी?

पपईला पाणी हवे, पण पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही. मुळाशी एक-दोन दिवस पाणी साचले तरी बुंधा कुजू लागतो. गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे येथे रोप खोलगट आळ्यात न लावता उंचवट्यावर लावावे आणि शक्यतो मुसळधार पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावावे.

पिकलेल्या फळातील बियांवर बुळबुळीत आवरण असते. ते राखेत चोळून काढावे, बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि पिशवीत पेराव्यात. दोन-तीन आठवड्यांत अंकुर येतात व दीड-दोन महिन्यांत रोप लावणीस तयार होते. दोन झाडांमध्ये साधारण सहा फूट अंतर ठेवावे.

अनेकांचा अनुभव असा की, झाड जोमाने वाढते, फुलते; पण फळ धरत नाही. याचे कारण असे की, पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे असतात. नर झाडाची फुले लांब दांड्यांवर झुपक्यांनी लोंबतात; मादी झाडाची फुले मोठी आणि खोडालगत असतात. रोप पाहून हा भेद कळत नाही. त्यासाठी स्थानिक वाणाची दोन-तीन रोपे एकाच खड्ड्यात लावून, फुले आल्यावर त्यांतील एक मादी झाड राखावे. दहा मादी झाडांमागे एक नर पुरेसा होतो. ‘रेड लेडी’, ‘सूर्या’ यांसारख्या वाणांत नर झाडे नसल्यामुळे हा व्याप राहत नाही.

मावा किडीमुळे पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाने पाने आखडतात व फळांवर कडी उमटतात. यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणे हाच उपाय.

स्वयंपाकघरात

पिकलेल्या पपईत ‘अ’ जीवनसत्त्वाचे घटक व भरपूर ‘क’ जीवनसत्त्व असते. कच्च्या पपईची ओले खोबरे घालून भाजी होते, किसून कोशिंबीर होते. मांस लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईचे तुकडे घालण्याची रीतही जुनीच. तिच्या चिकातील ‘पपेन’ हे विकर प्रथिनांचे विघटन करते, त्यामुळे मांस मऊ होते. फळ पिकत जाते तसा चीक कमी होतो. म्हणून हे काम पिकलेल्या फळाकडून होत नाही. पपईच्या वाळलेल्या बिया मात्र काळ्या मिरीत भेसळीसाठी वापरल्या जातात. पाण्यात टाकल्यास अस्सल भरीव मिरी बहुतांशी तळाशी बसते, पपईच्या बिया तरंगतात.

औषध की पूरक?

डेंग्यूच्या रुग्णाला पपईच्या पानांचा रस दिल्यास रक्तातील प्लेटलेट्स काहीशा लवकर वाढतात, असे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्यामुळे गंभीर आजार वा मृत्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. मुळात डेंग्यूत केवळ प्लेटलेट्स घटण्याचा धोका नसतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब कोसळणे हे अधिक घातक असते. ही अवस्था बहुधा ताप उतरू लागताच येते, नेमके तेव्हाच घरच्यांना हायसे वाटू लागते. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास रस वाटत न बसता रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत.

गरोदरपणात कच्ची वा अर्धकच्ची पपई टाळावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला निराधार नाही. तिच्या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन होत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. पूर्ण पिकलेल्या फळाने तसा परिणाम दिसलेला नाही. तरीही शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांना पपईचाही त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पपईचा रस वा अर्क वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

परसातले हे झाड अन्न म्हणून उदार आहे. त्याचे फळ खावे, भाजी करावी, शेजाऱ्याला पाने मागितल्यास द्यावीत. मात्र पाने देताना, ‘रक्त तपासले का? डॉक्टरांना दाखवले का?’ एवढे अवश्य विचारावे.