जुनीं रेल्वेस्थानकें व अपंग प्रवासी

गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा या तालुक्याच्या गांवीं आगगाडी जात नाहीं. 1982 सालीं चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जंगलमय जिल्ह्याच्या वांट्यास जुनें असें एकच रेल्वेस्थानक आलें, तें उत्तर टोकाचें वडसा. दक्षिणेकडील मुलचेऱ्याच्या मनुष्यास उपचारासाठीं नागपुरास जावयाचें झाल्यास आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून गोंडपिपरीवरून बल्लारशाह गांठणें अधिक सोयीचें. धडधाकट मनुष्यास ही वाट केवळ लांबची वाटते. परंतु ज्याला पायांनीं चालतां येत नाहीं, त्याला अंतराहून उंची अधिक नडते. एस.टी.ची पायरी, स्थानकाची पायरी, पुलाचा जिना आणि शेवटीं डब्याची पायरी, या चारांपैकीं एक जरी चढतां आली नाहीं, तरी उरलेल्या तिन्ही ठिकाणच्या सोयी व्यर्थ होत.

या उंचीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ब्रॉडगेज मार्गावरील उंच फलाट रुळांपासून 76 ते 84 सें.मी. वर असतो आणि सामान्य डब्याची जमीन त्याहूनहि सुमारें 40 सें.मी. वर असते. चाकांच्या खुर्चीसाठीं उतरण करावयाची तर एक हात उंचीस बारा हात लांबी लागते. त्यामुळें 84 सें.मी. उंचीच्या फलाटास दहा मीटरांची उतरण पुरते. पण पादचारी पूल फलाटापासून सहा मीटर उंच धरला, तर तीच उतरण बहात्तर मीटर होते आणि मध्यें विसाव्याचे सपाट टप्पे निराळेच. म्हणून पुलास लिफ्टच हवी. अंधांसाठीं फलाटाच्या कडेलगत उठावाच्या पिवळ्या फरश्या बसवितात. जपानांतील सेइची मियाके यांची ही कल्पना 1967 सालीं ओकायामा शहरांत प्रथम रस्त्यावर आली. नव्या स्थानकांत या सर्व गोष्टी आराखड्यांतच बसवितां येतात. वडसा ते गडचिरोली हा सुमारें 52 कि.मी.चा नवा मार्ग बांधला जात आहे, तेथें ही संधि आहे. जुन्या स्थानकांत मात्र गाड्या चालूं ठेवून फोडतोड करावी लागते, आणि खर्च वाढतो तो येथेंच.

हा खर्च कोणीं करावा, याचें उत्तर कायद्यानें क्रमाक्रमानें दिलें आहे. 1995 च्या कायद्यानें ही जबाबदारी सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत ठेविली होती. 2016 च्या कायद्यानें तो प्रवाशांचा हक्क ठरविला, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींस नियम प्रसिद्ध झाल्यापासून पांच वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017 मध्यें निघाले, तेव्हां ती मुदत 2022 सालींच सरली. 8 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि निर्णय दिला कीं, सुगमतेचीं किमान मानकें केवळ शिफारस म्हणून ठेवतां येणार नाहींत, तीं बंधनकारकच असलीं पाहिजेत.

हक्क असा स्पष्ट झाला, तरी पैसा निराळ्या वाटेनें येतो. 2017 पासून स्थानकांची प्रतवारी मुख्यतः प्रवासीसंख्या व उत्पन्न यांवरून होते, आणि सोयींचें प्रमाण त्या प्रतीस अनुसरून ठरतें. येथेंच खरी मेख आहे. जिना चढतां येत नाहीं म्हणून जो घरींच राहिला, त्याची गणना प्रवाशांत होत नाहीं. आणि प्रवासी थोडे म्हणून जिन्याच्या जागीं दुसरी सोय होण्यास विलंब लागतो. अडथळाच अशा रीतीनें स्वतःचें समर्थन करूं लागतो.

अमृत भारत योजनेनें हें चक्र कांहींसें थांबविलें आहे. 6 ऑगस्ट 2023 रोजीं देशांतील 508 स्थानकांच्या कामाची पायाभरणी झाली; त्यांत महाराष्ट्रांतील 44 स्थानकें होतीं. बल्लारशाह, चंद्रपूर, चांदा फोर्ट व वडसा हीं या योजनेंत आहेत, आणि त्यांपैकीं चांदा फोर्टचें नूतनीकृत स्थानक 22 मे 2025 रोजीं प्रवाशांसाठीं खुलें झालें. परंतु या योजनेच्या पैशांतून दर्शनी भाग, वाहनतळ, प्रतीक्षालय व लिफ्ट हीं सर्व कामें होत असतात. अमेरिकेंत 1990 च्या कायद्यानंतरहि जुनीं स्थानकें मागें राहिलीं, म्हणून 2021 सालीं केवळ त्यांच्या सुगमतेसाठीं पांच वर्षांकरितां 175 कोटी डॉलरांची स्वतंत्र तरतूद झाली. ब्रिटननें 2006 पासून अशीच निराळी योजना चालविली आहे. वेगळ्या तरतुदीचा लाभ हा कीं, कमानीच्या शोभेस लिफ्टचा पैसा खर्च होऊं शकत नाहीं.

पैसा किती खर्चला, हें हिशेबाच्या वहींतून कळेल. पण तो सत्कारणीं लागला कीं नाहीं, हें वहींतून कळणार नाहीं. मुलचेऱ्याहून निघालेला चाकांच्या खुर्चीतील प्रवासी कोणाच्याहि खांद्यावर न बसतां नागपूरच्या गाडींत चढला, म्हणजे काम पुरें झालें. तो उचलून न्यावा लागला, तर स्थानक कितीहि सुंदर असो, त्याच्यापुरतें तें अपुरेंच राहिलें.