बेळगावची दुसरी परिषद

डिसेंबर 1924 च्या बेळगाव काँग्रेसबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीकडच्या माळावर ‘विजयनगर’ वसवलं. पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. शताब्दीला रोषणाई झाली, भाषणं झाली. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, म्हणून पुढं जातो. मला नाद लागलाय तो अधिवेशन उरकल्यावर लगेच, 28 डिसेंबरला, याच बेळगावात भरलेल्या दुसऱ्या परिषदेचा. ती गोरक्षा परिषद होती आणि तिचेही अध्यक्ष गांधीजीच होते. एरवी बेळगावच्या आठवणींत तिचं नाव क्वचितच निघतं. तिथलं भाषण वाचलं की त्याचं कारणही कळतं.

परिषदेमागचा माणूस म्हणजे वाईचे चौंडे महाराज. गोसेवेला वाहून घेतलेला हा गृहस्थ आज मराठी वाचकाला जवळजवळ अनोळखी आहे. गांधीजींना या कामात ओढलं ते यांनी. पिच्छा पुरवणाऱ्या अशा माणसांना इतिहास फार तर तळटिपेत बसवतो. मला मात्र राहून राहून कुतूहल वाटतं की भाषण ऐकताना महाराजांच्या मनात काय आलं असेल? कारण समोर गोभक्तांची सभा, विषय गोरक्षेचा, काळ हिंदू-मुसलमान तणावाचा. आणि अध्यक्षांनी बोट दाखवलं ते थेट श्रोत्यांच्या गोठ्याकडं. गाईचं रक्षण जगभर व्हावं, ही माझी महत्त्वाकांक्षा आहे. पण त्याआधी मला माझं घर नीट करायला हवं, अशा अर्थाचं ते बोलले. मुसलमानांवर जबरदस्ती करून गाय वाचणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. जानेवारी 1925 मध्ये ‘यंग इंडिया’त हे भाषण छापून आलं.

पुढं 28 एप्रिल 1925 रोजी मुंबईत माधवबागेत अखिल भारतीय गोरक्षा सभेची रीतसर स्थापना झाली. तिच्या कार्यक्रमात दोन गोष्टी होत्या, एक आदर्श दुग्धालयं आणि दुसरी मेलेल्या जनावरांच्या कातड्यासाठी चर्मालयं. माधवबागेसारख्या ठिकाणी कातडी कमावण्याचा कार्यक्रम मांडणं हे धाडसच. पण हिशेब सरळ होता. गाय जिवंतपणी दुधाला आणि मेल्यावर कातड्याला उपयोगी पडली, तर मालकाला ती पोसणं परवडेल. नाहीतर आटली की ती खाटकाकडं जाणार, मग तुम्ही कितीही आरत्या करा. रत्नागिरीहून ‘किर्लोस्कर’ मासिकातून विज्ञाननिष्ठेचा गजर करणाऱ्या सावरकरांच्या एका गाजलेल्या निबंधाचं शीर्षक आहे ‘गोपालन हवे, गोपूजन नव्हे’. एरवी गांधीजी आणि सावरकर या दोघांचं कशावरही एकमत होणं कठीण. गोठ्याच्या दारात मात्र दोघं बरेच जवळ येऊन उभे राहतात. दोघांच्याही आजच्या अनुयायांना हे फारसं आवडत नाही, हा भाग वेगळा.

गांधीजींना गोठ्यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. ‘फुका’बद्दलची कलकत्त्याहून आलेली पत्रकं त्यांनी दक्षिण आफ्रिकेतच वाचली होती. फुका म्हणजे जनावरानं पान्हा चोरू नये म्हणून त्याच्या योनिमार्गात हवा फुंकणं. 1912 मध्ये त्यांनी दूध सोडलं त्यामागं हेही एक कारण होतं. 1918 च्या आजारात कस्तुरबांनी पळवाट काढली, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, शेळीच्या नव्हे. ही पळवाट आपल्याला आयुष्यभर टोचत राहिली, असं त्यांनी आत्मकथेत कबूल केलंय. शेळीच्या दुधाची जी चेष्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो, तिच्या मुळाशी म्हशीच्या गोठ्यातला हा प्रकार आहे.

आणि मग सीमाभागाला पुन्हा एकदा या गोष्टीत जागा मिळते. मार्च 1927 च्या अखेरीस दौऱ्यावर असताना गांधीजींची प्रकृती कोल्हापुरात ढासळली. निपाणी, बेळगाव, आंबोली असं करत त्यांना विश्रांतीसाठी नंदी हिल्सला आणि तिथून बंगळूरला नेण्यात आलं. बंगळूरच्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी काय करावं? सरकारी इम्पीरियल डेअरीत जाऊन दुग्धतज्ज्ञ विल्यम स्मिथ यांच्याकडं गोपालनाचे धडे घेतले. मदनमोहन मालवीयही सोबत होते. तिथल्या नोंदवहीत गांधीजींनी आपला धंदा ‘शेतकरी’ असा लिहिला, असं सांगतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी, रक्तदाबानं आडवा झालेला माणूस चारा, कास, वेत आणि वळू यांचा हिशेब शिकायला जातो, याचं मला गोरक्षेच्या शंभर ठरावांपेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

शंभर वर्षांनंतर याच वाटेवर, निपाणीहून वेदगंगेच्या काठाकाठानं गावांत शिरलं की गोठे दिसतात. काही स्वच्छ, हवेशीर. मुक्त गोठे करणारी तरुण पोरंही आहेत आणि त्यांची जनावरं बघूनच ओळखू येतात. पण सर्रास दिसतं ते असं. पत्र्याचं बुटकं छप्पर, खाली सिमेंटचा कोबा, आखूड दाव्यावर बांधलेल्या म्हशी. उठबस करून गुडघ्याला घट्टे पडलेले, खूर वाढून पुढं वळलेले. गव्हाणीत उसाचं वाढं, कारण कारखान्याच्या हंगामात तेच स्वस्त. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं हे जनावरांचे डॉक्टर सांगून दमले. एचएफ गाय असेल तर उन्हाळ्यात ती जीभ बाहेर काढून धापा टाकत असते. थंड मुलखाची ती जात, तिला पत्र्याखालचा एप्रिल सोसत नाही.

सगळ्यात वाईट गत रेडकाची. पारडी असेल तर तिला दूध सुटतं. नर असेल तर त्याला पान्ह्यापुरतं लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. कुणी त्याला मारत नाही. ते आपसूकच मरतं. नांगराला ट्रॅक्टर आला, रेतनाला नळी आली, आता रेडा पोसून करायचं काय? रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, मग इंजेक्शन. फुक्याची जागा आता ऑक्सिटोसिननं घेतलीय. 2018 मध्ये केंद्रानं या औषधाचं खासगी उत्पादन बंद करून ते एकट्या बंगळूरच्या कर्नाटक अँटिबायोटिक्सकडं सोपवायचं ठरवलं. पण हेच औषध बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवतं, त्याचा तुटवडा पडला तर बायका मरतील, हा मुद्दा निघाला आणि डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. निकाल योग्यच होता, असं माझं मत. गोठ्यातला गैरवापर कारखाना बदलून थांबणारा नव्हता.

दूध मग संस्थेत जातं. सीमेच्या अलीकडं नंदिनी, पलीकडं गोकुळ. संस्थेची छापील पावती नीट बघा, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. जनावर लंगडतंय का, कासदाह किती वेळा झाला, वासरं जगली किती, यातलं काहीही दरात धरलं जात नाही. शेतकऱ्याला निर्दय म्हणणं सोपं आहे. पण ज्याचे पैसे मिळत नाहीत ते तो कुठून करणार?

कोंबडीकडं येतो. गांधीजींनी 1921 मध्येच लिहिलं होतं की गाय म्हणजे त्यांच्या लेखी सगळी मुकी सृष्टी. या व्याख्येत कोंबडीही बसते. तिच्याबद्दल ते शेवटी बोलले ते पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत 1942 साली लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त. निर्जीव अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा जो दूध पितो त्याला अशा अंड्याची हरकत नसावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तर्क बिनतोड, पण त्यात कोंबडी कुठंच नाही. दुधाच्या वेळी ज्यांनी गोठ्यात डोकावलं, त्यांनी अंड्याच्या वेळी फक्त अंड्यात डोकावलं. अर्थात पिंजऱ्यांची पोल्ट्री तेव्हा आपल्याकडं यायची होती. आज ए-फोर कागद 624 चौरस सेंटीमीटरचा असतो आणि 2019 च्या केंद्रीय मसुद्यात अंड्यावरच्या कोंबडीला सुचवलेली किमान जागा 550 आहे. ही सुधारणा बरं का! युरोपीय संघानं असले साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासूनच बंद केले. नर पिल्लं तर या धंद्यात उबवणीतून निघाल्या दिवशीच संपवली जातात.

आपल्या पट्ट्यात जास्त आहेत ती ब्रॉयलरची शेडं, बहुतेक करारावरची. एक दिवसाचं पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, भुसा आणि मजुरी शेतकऱ्याची. पैसे किलोमागे, तेही खाद्य किती आणि वजन किती या गुणोत्तरावर. पक्ष्याला साधारण एक चौरस फूट. पाचव्या-सहाव्या आठवड्यात शेडचा पडदा बाजूला करून आत गेलं की अमोनियानं डोळे झोंबतात. कोंबड्या पळत नाहीत. छाती इतकी भरलेली असते की पाय पेलत नाहीत. दोन पावलं टाकून त्या ओल्या भुशावर बसकण मारतात. रात्री गाडी येते, एकेका हातात पायांना धरून उलट्या लटकवलेल्या चार-पाच, आणि क्रेट भरतात.

मार्च 2020 मध्ये कोरोना कोंबडीतून पसरतो अशी आवई उठली. किलोला पन्नास-सत्तर रुपये असलेला भाव पाच-दहावर आला. गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्यानं सुमारे 6,000 कोंबड्या गाडीतून आणून खड्ड्यात लोटल्या आणि जिवंत पुरल्या. चित्रफीत देशभर फिरली. बातम्यांचा सूर एकच होता, शेतकऱ्याचं नुकसान. ते खरंच होतं. खाद्याचा खर्च रोज वाढत होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. पण मातीखाली गेलेल्या सहा हजार जिवांबद्दल या बेळगाव जिल्ह्यात, जिथं गोरक्षेच्या घोषणांनी भिंती रंगलेल्या असतात, फारसं कुणी बोललं नाही. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाही आपण नुकसानभरपाईच मोजली.

आता कायदा. कर्नाटकचा 2020 चा गोहत्या प्रतिबंधक कायदा तेरा वर्षांखालच्या म्हशीलाही संरक्षण देतो. पहिल्याच गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि पन्नास हजार ते पाच लाख दंड. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलात शिरलं की महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. त्यात गाय, बैल, वळू बंद, पण दाखला घेऊन म्हैस कापता येते. म्हणजे एकाच म्हशीची किंमत, वय आणि भवितव्य पाच मिनिटांच्या रस्त्यात बदलतं. भाकड म्हैस कोणत्या दिशेला जाते, हे सांगायला नको. पण दोन्ही राज्यांत समान असलेला कायदा 1960 चा केंद्रीय प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून सरकारला तो करायला भाग पाडलं. त्याच्या कलम 11 प्रमाणं जनावराला उपाशी ठेवणं, हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, आखूड दाव्याला डांबणं हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपये ते पन्नास रुपये.

जीव घेतला तर पाच लाख. जन्मभर हाल केले तर पन्नास. चौंडे महाराजांच्या परिषदेत गांधीजींनी ज्या गोठ्याकडं बोट दाखवलं, त्याच्यावर आपल्या प्रजासत्ताकानं लावलेली ही किंमत आहे. 2014 च्या जल्लिकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा दंड वाढवा असं संसदेला सांगितलं. 2022 मध्ये सरकारनं दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढं ठेवला, तो काही मंजूर झाला नाही. बेळगाव, चिक्कोडी आणि कोल्हापूर असे तीन खासदार या पट्ट्यातून दिल्लीला जातात. दिवाळीच्या फराळाला कुणाच्या तरी घरी ते तुम्हाला भेटतीलच. सीमाप्रश्नावर विचारून झालं की कलम 11 चं काय झालं, हेही त्यांना विचारा.